सेंद्रिय शिक्का काय सांगतो?

रसायनशास्त्राच्या तासाला आपण शिकवतो की साखर सेंद्रिय आणि मीठ असेंद्रिय. त्याच संध्याकाळी एखाद्या विद्यार्थ्याला सुपरमार्केटात 'सेंद्रिय साखर' अशी पिशवी दिसते. 'मग बाकीची साखर असेंद्रिय असते का?' असे त्याने विचारले, तर प्रश्न योग्यच आहे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुगे. त्या अर्थाने मॅलॅथिऑन हे कीटकनाशकही सेंद्रियच! पाकिटावरचा शब्द मात्र पदार्थाची रचना सांगत नाही, शेतीची पद्धत सांगतो.

ही पद्धत नियमांनी बांधलेली आहे. आपल्याकडे 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम' २००१ मध्ये सुरू झाला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम २०१७ मध्ये आले आणि 'जैविक भारत' हे चिन्ह पाकिटांवर दिसू लागले. कृत्रिम खते, कृत्रिम कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे वापरायचे नाही, नोंदी ठेवायच्या, तपासणी करून घ्यायची, अशा या अटी आहेत. म्हणजे शिक्का मुख्यतः नोंदी आणि तपासणी यांवर उभा आहे. त्यात फसवणूकही होऊ शकते. साधे धान्य सेंद्रिय म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेतील एका व्यापाऱ्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची कैद झाली.

पण समजा, शिक्का पूर्ण खरा आहे. तरी झटपट सूप किंवा नूडल्स यांच्या पाकिटावर तो काय सांगतो? अनेक घटकांच्या पदार्थात किमान ९५ टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. हे प्रमाण काढताना पाणी आणि मीठ वगळतात, कारण ती शेतात पिकत नाहीत. आता एक हिशेब करू. सूपच्या १०० ग्रॅम भुकटीत १० ग्रॅम मीठ असेल, तर उरलेल्या ९० ग्रॅमपैकी ८५.५ ग्रॅम सेंद्रिय हवे. मीठ २० ग्रॅम केले, तर ८० पैकी ७६ ग्रॅम पुरते. मीठ दुप्पट झाले, तरी शिक्का तोच! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, ते मीठ या हिशेबात येतच नाही. साखर हिशेबात येते, पण ऊस कसाही पिकवला तरी सुक्रोजचा रेणू एकच.

मग सेंद्रिय शेतीला अर्थ नाही का? तसे आमचे म्हणणे नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २३७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना जीवनसत्त्वांत ठळक फरक आढळला नाही, पण सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष कमी वेळा सापडले. २०१४ मधील दुसऱ्या मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत कॅडमियम कमी आणि काही प्रतिऑक्सिडीकारके जास्त दिसली. आणि सर्वात मोठा लाभ कदाचित खाणाऱ्याला नसून पिकवणाऱ्याला असेल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

मात्र शेतात मिळवलेला हा लाभ कारखान्यातली प्रक्रिया भरून काढू शकत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. दोन्ही आहारांत साखर, मीठ, मेद आणि तंतू सारखेच उपलब्ध होते. तरी अतिप्रक्रियित अन्नावर असताना ती माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. पीठ सेंद्रिय असल्याने ही ओढ कमी होईल, असे मानायला आधार नाही.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. विद्यार्थ्यांना सेंद्रिय आणि साध्या बिस्किटांची रिकामी वेष्टने आणायला सांगा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर कितवी आहे ते पाहा. पोषणाच्या तक्त्यातील सोडियमला २.५ ने गुणा, म्हणजे मीठ कळेल. मग शिक्का झाकून दोन्ही तक्ते तुलनेसाठी फळ्यावर मांडा. मुलांच्या डब्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्या पालकांनाही हा तक्ता दाखवावा. शिक्का शेताबद्दल सांगतो. डब्यात काय गेले, हे पाकिटाच्या मागच्या बाजूला वाचावे लागते.