विकणे आहे : न वापरलेला के अँड एन एअर फिल्टर (घेण्याआधी हे वाचा)

के अँड एनचा ड्रॉप-इन एअर फिल्टर विकायचा आहे. बसवायच्या आधीच गाडी विकली, त्यामुळे तो बॉक्समध्ये तसाच पडून आहे.

गाडीसोबत येणाऱ्या कागदी फिल्टरपेक्षा यात वेगळं काय? तारेच्या जाळीत सुती कापडाचे थर असतात आणि त्यांना खास तेल लावलेलं असतं. हवा कमी अडते, धूळ तेलाला चिकटते. कागदी फिल्टर टाकून द्यावा लागतो, हा धुऊन पुन्हा वापरता येतो.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. स्टॉक गाडीत नुसता फिल्टर बदलून पॉवरमध्ये फारसा फरक पडत नाही. इनटेकचा आवाज थोडा खुलतो, एवढंच. खरी बचत वारंवार फिल्टर घ्यावा लागत नाही यात आहे.

काळजी :
▪ धुताना के अँड एनचाच क्लीनर वापरा. पेट्रोल, रॉकेल नको.
▪ कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापड फाटतं.
▪ सावलीत पूर्ण वाळल्यावरच तेल लावा, तेही बेताने. जास्तीचं तेल एमएएफ सेन्सरवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या) बसलं तर रीडिंग चुकतं.
▪ गाडी रोज धुळीच्या रस्त्यावर चालत असेल तर फिल्टर लवकर तपासा.

आधी तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन कळवा. पार्ट नंबर जुळला तरच पुढे बोलू. फिल्टरची कड एअरबॉक्समध्ये नीट बसली नाही, तर फटीतून धूळ थेट इंजिनात जाते. गाडीच्या वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा. पुण्यात प्रत्यक्ष पाहून घ्या. भाव मेसेजमध्ये, घासाघीस थोडीच!