पुलाखालचा नाच

न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या माणसानं कुठं नाचायचं, हे ठरवायला सरकार फार पूर्वीपासून पुढं. १८१७ मध्ये हुकूम निघाला: गुलामांनी जमायचं ते रविवारीच आणि नेमून दिलेल्या जागीच. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर. आफ्रिकेतून आलेले ढोल आणि पदन्यास तिथं टिकले.

गुलामी संपली, पण काळ्यांचा विमा उतरवायला कंपन्या तयार नसत. म्हणून वस्त्यांनी वर्गणीतून मंडळं उभी केली. आजारपणात डॉक्टरचा खर्च, मेल्यावर अंत्ययात्रा आणि बँड. ‘यंग मेन ऑलिंपियन’ हे १८८४ चं मंडळ अजून चालू आहे. दफनभूमीकडे जाताना बँड संथ, रडवा वाजतो. मृताला निरोप दिला की ढोलाची चाल बदलते आणि लोक नाचत सुटतात. मंडळ आणि बँड ही पहिली रांग, मागून आपखुशीनं येणारे ते ‘सेकंड लाइन’. पुढं मंडळांच्या रविवारच्या मिरवणुकांनाही हेच नाव पडलं. चार-चार तास चालणाऱ्या या मिरवणुकीत कडेला उभं राहून बघणारा फार वेळ कडेला राहत नाही. हातात रुमाल नाहीतर छत्री, गुडघे वाकलेले, पाय मात्र इतके चपळ की नजर ठरत नाही. ठरलेल्या कवायती नाहीत. एकाच ठेक्यावर प्रत्येकाचा नाच वेगळा.

या मिरवणुकांच्या वाटेवरच्या, ट्रेमे या काळ्यांच्या वस्तीलगतच्या क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूच्या मधोमध ओकची झाडं होती. त्यांच्या सावलीत मार्डी ग्राचा उत्सव रंगे, आजूबाजूला काळ्यांची दुकानं. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वरून महामार्गाचा पूल नेला.

२००५ च्या कतरिना वादळानं माणसं देशभर पांगली. जानेवारी २००६ मध्ये मंडळांनी एकत्र येऊन मोठी सेकंड लाइन काढली. कित्येक जण तेवढ्यासाठी परगावाहून आले. त्या दिवशी गोळीबार झाला आणि पोलिसांनी परवान्याचं शुल्क कैक पटींनी वाढवलं. मंडळं कोर्टात गेली, २००७ मध्ये शुल्क उतरलं. त्याच वर्षी ट्रेमेत एका दिवंगत वादकासाठी निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली, दोन वादकांना अटक केली. पर्यटकांना मात्र हेच शहर सेकंड लाइन दाखवून बोलावतं!

पूल अजून तिथंच आहे. मिरवणूक त्याच्याखाली शिरली की बँड मुद्दाम रेंगाळतो, कारण काँक्रीटवर आदळून ट्रम्पेटचा आवाज दुप्पट होतो. नाचणारे खांबांभोवती दाटतात आणि वरून जाणाऱ्या गाड्या ऐकूच येत नाहीत.