चेहरा नवा, यंत्र जुनं

डब्लिनमध्ये बसून कुणी आयुष्यातलं पहिलं जुनं घड्याळ शोधायला इंटरनेट चाळू लागलं, की थोड्याच वेळात त्याला एक झगझगीत बाजार लागतो. साठ-सत्तरच्या दशकातलं स्विस घड्याळ, चावीचं, सतरा ज्युएल्सचं. नाव फेवर ल्यूबा, कॅमी नाहीतर हेन्री सँडोझ. डायल मोरपिशी किंवा लालभडक, आणि किंमत हॉटेलातल्या एका जेवणाएवढी. खाली बारीक अक्षरात पाठवणाऱ्याचं गाव: मुंबई. जगभरच्या घड्याळवेड्यांत या मालाला नावच पडलंय, ‘मुंबई स्पेशल’. आपल्या शहराची कीर्ती अशी पसरलेली पाहून मराठी माणसाने हसावं की कपाळाला हात लावावा, कळत नाही.

गंमत अशी, की हे घड्याळ सरसकट नकली नसतं. फेवर ल्यूबाचा हिंदुस्थानाशी व्यापार 1865 पासूनचा, वेस्ट एंड वॉच कंपनीचं मुंबईशी नातंही एकोणिसाव्या शतकातलं. पुढे 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत एचएमटीची घड्याळं सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे चावीच्या घड्याळांचा साठा भरपूर, आणि ती उघडून पुन्हा चालती करणारे हातही भरपूर. ‘मुंबई स्पेशल’च्या पोटातलं यंत्र बऱ्याचदा खरं असतं, फक्त ते चार घड्याळांचे भाग जमवून उभं केलेलं असू शकतं. खोटा असतो तो चेहरा.

आधी त्या यंत्राचं कौतुक करू, कारण त्याच्यामुळेच माणूस या नादाला लागतो. त्या काळच्या बहुतेक यंत्रांचं बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला 4,32,000. ते ज्या टोकांवर डोलतं, ती मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी जाड, माणकात बसवलेली. एवढं करून घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढेमागे गेलं, तर ती चूक 2,880 सेकंदांमागे एका सेकंदाची. वीज नाही, बॅटरी नाही, सकाळी दोन बोटांनी दिलेली चावी तेवढी.

आता चेहरा. जुनी स्विस डायल छापायची रीत मोठी लोभस होती. अक्षरं धातूच्या पत्र्यावर खोदायची, त्या खोलगट रेषांत शाई भरायची आणि वरची पुसून टाकायची. मग जिलेटिनचा मऊ गोळा त्यावर दाबून शाई उचलायची आणि अलगद डायलवर टेकवायची. पुढे जिलेटिनच्या जागी सिलिकॉन आलं. दर रंगाला वेगळा ठसा. अशी छपाई भिंगाखाली धरली की अक्षर किंचित उठलेलं दिसतं, कडा चाकूने कापल्यासारख्या. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ ही तांदळाच्या कणीहून बारीक अक्षरंसुद्धा सुटी सुटी वाचता येतात.

नव्याने रंगवलेली डायल इथेच पकडली जाते. अक्षरं जाडी आणि बसकी, ओळ जरा तिरकी. मिनिटांच्या रेघा बसवलेल्या खुणांशी जुळत नाहीत. ‘स्विस मेड’ एकतर गायब, नाहीतर नको तेवढं ठळक. चावीच्या घड्याळावर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं सापडलं तर पुढे बघायचीही गरज नाही. काळ्या डायलसाठी ओळखला जाणारा एचएमटी पायलट लाल, पिवळ्या, गुलाबी रंगांतही विकायला असतो. विक्रेत्याने डायलचा जवळून, सरळ समोरून काढलेला फोटो दिला नाही, तर मी ते उत्तरच समजतो.

सर्वात सुंदर पुरावा मात्र अंधारात मिळतो. साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काट्यांवरच्या चमकत्या रंगात रेडियम असे. रेडियमचं अर्धं आयुष्य 1,600 वर्षं, पण त्याच्या माऱ्याने रंगातलं झिंक सल्फाइड काही दशकांत थकून जातं. चमक विझते, किरणोत्सार राहतो. (म्हणून अशी डायल घरी उघडून खरवडू नका. हे काम घड्याळजीचंही नव्हे, तज्ज्ञाचं.) नंतर ट्रिटियम आलं. त्याचं अर्धं आयुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, म्हणजे 1970 च्या घड्याळात आज मूळच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी उरलंय. टॉर्च मारल्यावर जुना रंग क्षणभर उजळून विझला, तर ते शक्य आहे. तो रात्रभर हिरवागार तेवत राहिला, तर तो रंग कालपरवाचा. काटे पांढरेफटक आणि डायलवरचे ठिपके मधासारखे पिवळे असतील, तरी काहीतरी बदललेलं आहे. एकाच दिवशी लावलेला रंग साधारण एकसारखाच म्हातारा होतो.

घड्याळाच्या धातूच्या कवचाचं, म्हणजे केसचं वाचन आयर्लंडमध्ये करायला जास्त मजा येते. डब्लिनची सोन्याचांदीची पारख 1637 पासून चालत आलेली आहे. हार्प, हिबर्निया म्हणजे आयर्लंडची बसलेली स्त्रीमूर्ती आणि वर्षागणिक बदलणारं अक्षर, एवढ्या शिक्क्यांवरून चांदीच्या वस्तूचं वय सांगता येतं. 1907 पासून बाहेरून येणाऱ्या सोन्याचांदीच्या केसवरही ब्रिटन-आयर्लंडमधल्या पारखीचा शिक्का सक्तीचा झाला. डब्लिनचा आयातीचा शिक्का होता पाण्याच्या दोन पखाली, आडव्या काठीला लटकवलेल्या. लंडन-बर्मिंगहॅमचे शिक्के जास्त भेटतात, पखाली क्वचित. हे शिक्के इतके उथळ असतात, की दोनचारदा मशीनवर पॉलिश केलं की पुसटतात. ज्या केसचा शिक्का चाचपडत वाचावा लागतो आणि पट्टा अडकवायच्या शिंगांच्या धारा गोलावलेल्या आहेत, तिच्यावरचा झगमगाट धातू खाऊन आलेला आहे. साधे ओरखडे असलेली केस मी केव्हाही आधी घेईन.

1907 च्या आसपासचं असं घड्याळ हातात आलं, की आणखी एक गोष्ट आठवून अंगावर काटा येतो. 1 ऑक्टोबर 1916 पर्यंत डब्लिनची वेळच वेगळी होती, ग्रिनिचच्या 25 मिनिटं 21 सेकंद मागे. मुंबईनेही आपली वेळ 1955 पर्यंत धरून ठेवली होती, भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे.

नजर तयार करायची तर वॉटरफर्डला जावं. तिथे जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये 2021 साली ‘आयरिश म्युझियम ऑफ टाइम’ उघडलं. आयरिश कारागिरांची घड्याळं दानशूर संग्राहकांनी तिथे दिली आहेत. अस्सल जुनेपणा कसा दिसतो हे एकदा डोळ्यात बसलं, की बनाव आपोआप खटकतो.

मुंबईच्या कारागिरांना मात्र मी दोष देणार नाही. चार पावसाळे खाल्ले की डायलवरचं लॅकर फुगतं, काळे डाग पडतात, आणि घड्याळाच्या मालकालाच ते नवंकोरं हवं असतं. डायल रंगवून देणं ही सेवा होती, आजही आहे. फसवणूक सुरू होते ती ‘अस्सल, जसंच्या तसं’ असं लिहून विकताना.

पैशांचा हिशेबही बघा. 1 जुलै 2021 पासून युरोपीय संघाबाहेरून आलेल्या कितीही स्वस्त पार्सलवर आयर्लंडमध्ये व्हॅट लागतो. शिवाय डब्लिनजवळ ब्लँचर्ड्सटाउनला घड्याळजी घडवणारी आयरिश-स्विस संस्था होती, तीही आता बंद. चांगला घड्याळजी मिळालाच, तर सर्व्हिसिंगचं बिल स्वस्तातल्या घड्याळाच्या किमतीहून सहज मोठं होतं.

म्हणून माझ्या मते डब्लिनमधल्या मराठी माणसाचं पहिलं जुनं घड्याळ बहुतेक वेळा पुण्या-नाशिकच्या कपाटातच पडलेलं असतं, आजोबांचं एचएमटी. पुढच्या खेपेला ते तिथल्याच जुन्या घड्याळजीकडे न्या आणि सांगा: काका, आतून खोलून साफ करा, तेल द्या, डायलला आणि काट्यांना हात लावू नका, पॉलिश नको, आणि जो भाग बदलाल तो जुना पुडीत बांधून परत द्या.