१९९९ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक : मुदतपूर्व कौल आणि युतीच्या सत्तेचा अस्त

प्रास्ताविक

सत्तारूढ पक्षाच्या पराभवाचा विचार करताना 'प्रस्थापितविरोधी लाट' हा शब्दप्रयोग राजकीय विश्लेषणात सर्रास केला जातो. या शब्दप्रयोगाची सोय अशी की, तो उच्चारल्यावर अधिक काही सांगण्याची गरज उरत नाही. महाराष्ट्रात १९९५ साली सत्तेवर आलेल्या शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीच्या १९९९ मधील पराभवालाही हेच लेबल चिकटवण्यात आले. परंतु आकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९९५ मध्ये युतीला सुमारे २९ टक्के मते आणि १३८ जागा मिळाल्या होत्या. १९९९ मध्ये मते वाढून सुमारे ३२ टक्के झाली, जागा मात्र १२५ वर आल्या. ज्या सरकारविरुद्ध लाट उसळते त्याची मते वाढत नाहीत. तेव्हा या पराभवाचा उलगडा लाटेने होत नाही. तो सत्तारूढ नेतृत्वाने घेतलेल्या निर्णयांत, विशेषतः विधानसभेची निवडणूक मुदतीपूर्वी लोकसभेबरोबर घेण्याच्या निर्णयामागील गृहीतकांत शोधावा लागतो.

१९९५ च्या सत्तेचा पाया

मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली राज्यातील पहिले युती सरकार सत्तारूढ झाले. शिवसेनेला ७३, भाजपला ६५ आणि काँग्रेसला ८० जागा मिळाल्या होत्या. २८८ सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी १४५ ही संख्या आवश्यक असल्याने युतीला स्वबळावर सरकार स्थापन करता येत नव्हते. त्या वेळी तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांतील बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते. उमेदवारी नाकारली गेल्यामुळे साखर कारखाने, जिल्हा बँका व जिल्हा परिषदा यांच्या आधारावर उभे राहिलेले हे स्थानिक नेते युतीच्या विचारप्रणालीकडे नव्हे, तर सत्तेकडे आले होते.

या वस्तुस्थितीचा अर्थ असा की, १९९५ चा कौल हा युतीच्या विस्ताराइतकाच काँग्रेसच्या अंतर्गत विघटनाचा परिणाम होता. एकाच मतदारसंघात काँग्रेसचा अधिकृत उमेदवार आणि काँग्रेसचाच बंडखोर समोरासमोर उभे राहिले आणि दोघांच्या भांडणात युतीचा उमेदवार निवडून आला, असे अनेक ठिकाणी घडले. सत्ता मिळाल्यानंतर युतीने ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः सहकाराच्या क्षेत्रात, स्वतःची संस्थात्मक मुळे रुजवणे अपेक्षित होते. ते मोठ्या प्रमाणावर घडले नाही. कृष्णा खोरे विकास महामंडळाची १९९६ मधील स्थापना हे याचे बोलके उदाहरण आहे. बच्छावत लवादाच्या निवाड्यातील ३१ मे २००० या मुदतीपूर्वी राज्याच्या वाट्याचे पाणी अडवण्याची निकड खरी होती. त्यासाठी कर्जरोखे काढून निधी उभारण्यात आला. परंतु हा खर्च ज्या पश्चिम महाराष्ट्रात झाला, तेथील लाभक्षेत्राचे राजकारण आधीपासूनच सहकारी नेतृत्वाच्या हाती होते. पैसा सरकारचा खर्च झाला, श्रेय मात्र बहुतांशी स्थानिक पुढाऱ्यांच्या पदरात पडले.

आश्वासने आणि कारभार

युतीच्या कारभारातील त्रुटींची जंत्री मोठी आहे. त्यांतील काहींचाच येथे विचार पुरेसा होईल. निवडणूक प्रचारात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करण्यात आली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारने करार रद्द केला आणि अवघ्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून जानेवारी १९९६ मध्ये त्याच प्रकल्पाला सुधारित स्वरूपात मान्यता दिली. मे १९९९ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, या प्रकल्पाचा पहिला टप्पा कार्यान्वित झाला. धोरण बदलणे हा शासनाचा अधिकार असतो. परंतु ज्या प्रश्नावर मते मागितली त्याच प्रश्नावर घेतलेली ही कोलांटउडी मतदाराच्या स्मरणातून सहजासहजी जाणारी नव्हती.

एक रुपयात झुणका-भाकर आणि मुंबईतील चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे या दोन आश्वासनांचेही असेच झाले. झुणका-भाकर केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या. परंतु अनेक केंद्रांवर कालांतराने अन्य खाद्यपदार्थांचीच विक्री होऊ लागली. घरांच्या योजनेसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले, चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकाने विनामूल्य घर बांधून द्यावे ही कल्पना रूढ झाली आणि ती पुढील सर्व सरकारांनी चालवली. मात्र पाच वर्षांत पूर्ण झालेली घरे आश्वासनाच्या तुलनेत नगण्य होती. याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व मुंबईतील उड्डाणपूल ही या सरकारची ठळक कामे होत. ती राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत वेगाने हाती घेण्यात आली आणि त्यांचे महत्त्व विरोधकांनाही नाकारता आले नाही. पण उड्डाणपूल मुंबईत होते आणि विधानसभेच्या बहुसंख्य जागा मुंबईबाहेर.

सामाजिक पातळीवर सर्वांत खोल जखम ११ जुलै १९९७ रोजी झाली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. या घटनेने राज्यभरातील दलित समाज सरकारपासून दुरावला. पुढे फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन गट एकत्र येऊन काँग्रेसबरोबर गेले आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून विजयी झाले. त्या निवडणुकीत ४८ पैकी केवळ १० जागा युतीच्या हाती लागल्या. १९९६ मध्ये हीच संख्या ३३ होती. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळणे, त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे पुनरुज्जीवन करणे आणि अखेर ऑगस्ट १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडून तो अमान्य करणे, या क्रमाने अल्पसंख्याकांचा उरलासुरला विश्वासही संपुष्टात आला.

भ्रष्टाचाराच्या आरोपांनी सरकारची प्रतिमा आणखी मलिन झाली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुण्यातील प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे आरक्षण बदलल्याच्या प्रकरणाने खुद्द मुख्यमंत्री अडचणीत आले. जानेवारी १९९९ च्या अखेरीस जोशी यांनी राजीनामा दिला व १ फेब्रुवारीला नारायण राणे मुख्यमंत्री झाले. निवडणुकीला वर्षभर उरलेले असताना नेतृत्वबदल करणे हा सत्तारूढ पक्षांचा जुना उपाय आहे; परंतु नव्या मुख्यमंत्र्याला स्वतःची घडी बसवण्यास वेळ मिळाला तरच त्याचा उपयोग होतो. राणे यांना तो मिळाला नाही आणि तो नाकारणारा निर्णय युतीचाच होता.

मुदतपूर्व निवडणुकीमागील हिशेब

विधानसभेची मुदत मार्च २००० पर्यंत होती. दरम्यान १७ एप्रिल १९९९ रोजी केंद्रातील वाजपेयी सरकार एका मताने कोसळले. मे महिन्यात परकीय जन्माच्या मुद्द्यावर शरद पवार, पी. ए. संगमा व तारिक अन्वर यांना काँग्रेसने निष्कासित केले आणि १० जून रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली. त्याच काळात कारगिलचे युद्ध सुरू होते व वाजपेयी यांची लोकप्रियता वाढत होती. या तिन्ही घटनांची बेरीज करून युतीने विधानसभा सुमारे सहा महिने आधी विसर्जित करण्याची शिफारस केली. ५ व ११ सप्टेंबर रोजी लोकसभा व विधानसभा या दोन्हींसाठी एकाच वेळी मतदान झाले.

वरकरणी हा हिशेब निर्दोष होता. त्यात दोन गृहीतके मात्र दडलेली होती. पहिले असे की, केंद्रासाठी वाजपेयींना मत देणारा मतदार राज्यासाठीही युतीलाच मत देईल. दुसरे असे की, काँग्रेसमधील फूट म्हणजे १९९५ ची पुनरावृत्ती. ही दोन्ही गृहीतके चुकीची ठरली आणि ती कशी चुकली हे पाहणे उद्बोधक आहे.

लोकसभेत युतीने ४८ पैकी २८ जागा जिंकल्या : शिवसेना १५ व भाजप १३. काँग्रेसला १० आणि राष्ट्रवादीला ६ जागा मिळाल्या. त्याच मतदान केंद्रांवर, त्याच दिवशी, त्याच मतदारांनी विधानसभेसाठी जे मतदान केले त्यात शिवसेनेला ६९ व भाजपला ५६ जागा मिळाल्या. काँग्रेस ७५ व राष्ट्रवादी ५८ वर पोहोचली. लोकसभेसाठी युतीच्या उमेदवारांना मिळालेली मते सुमारे ३८ टक्के होती, विधानसभेसाठी ती सुमारे ३२ टक्के भरली. सहा टक्के मते एका मतपेटीतून दुसऱ्या मतपेटीपर्यंत जाताना गळाली. ती कोठे गेली? दोन्ही काँग्रेसची एकत्रित मते लोकसभेत सुमारे ५१ टक्के होती, विधानसभेत ती ५० टक्क्यांच्या जवळपास राहिली. म्हणजे विरोधकांना त्यांचा लाभ झाला नाही; ती अपक्ष व लहान पक्षांकडे वळली. मतदारसंघ लहान झाला की स्थानिक उमेदवाराला अधिक वाव मिळतो हे खरे असले, तरी सत्तेत साडेचार वर्षे राहिलेल्या युतीची ही गळती तिच्या राज्यपातळीवरील दुबळेपणाचीच साक्ष देते. हाच मतदार सहा महिन्यांनंतर, केवळ राज्याच्या प्रश्नावर मतदान करता तर निकाल काय लागला असता, हे सांगणे कठीण आहे. परंतु लोकसभेची लाट विधानसभेला वाहून नेईल ही अपेक्षा फोल ठरली, एवढे निश्चित.

दुसरे गृहीतक अधिक सूक्ष्म रीतीने चुकले. १९९५ ची फूट विखुरलेली होती. प्रत्येक मतदारसंघात बंडखोर होता आणि त्याच्यामागे पक्ष नव्हता. १९९९ ची फूट दोन संघटित पक्षांतील होती. राष्ट्रवादीची ताकद प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात, तर काँग्रेसची विदर्भासारख्या प्रदेशांत केंद्रित झाली होती. जेथे एक प्रबळ होता तेथे दुसरा बहुधा दुर्बल असल्याने मतविभागणीचा अपेक्षित लाभ युतीला सर्वत्र झाला नाही. शिवाय पूर्वी अपक्ष म्हणून लढणाऱ्या अनेक स्थानिक नेत्यांना आता दोन पक्षांच्या उमेदवाऱ्या उपलब्ध झाल्या. अपक्ष आमदारांची संख्या ४५ वरून १२ वर आली. ज्या कच्च्या मालावर १९९५ चे सरकार उभे राहिले होते, तोच बाजारातून नाहीसा झाला.

मुख्यमंत्रिपदाचा तिढा

युतीतील जागावाटपात शिवसेनेने १६१ व भाजपने ११७ जागा लढवल्या. ज्याचे आमदार अधिक त्याचा मुख्यमंत्री, हे सूत्र प्रचलित होते. या सूत्राने मित्रपक्षांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी बनवले. मित्राचा उमेदवार पडला तर आपला मुख्यमंत्रिपदाचा दावा बळकट होतो, अशी ही रचना होती. परस्परांचे उमेदवार पाडण्याचे प्रकार घडल्याचा आरोप निकालानंतर दोन्ही पक्षांच्या गोटांतून होत राहिला. बंडखोर व अपक्षांकडे वळलेल्या मतांचा आकडा पाहता तो पूर्णतः निराधार म्हणता येत नाही.

निकालानंतर १२५ जागा असलेल्या युतीला बहुमतासाठी २० सदस्यांची गरज होती. १३३ जागा असलेल्या दोन्ही काँग्रेसना १२. अंतर फार नव्हते. परकीय जन्माच्या मुद्द्यावर चार महिन्यांपूर्वीच वेगळे झालेले दोन पक्ष एकत्र येतील, असे युतीच्या नेत्यांना वाटत नव्हते. याच समजुतीत मुख्यमंत्री कोण, राणे की गोपीनाथ मुंडे, या वादात मोलाचे दिवस खर्ची पडले. तिकडे काँग्रेस व राष्ट्रवादीने शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन गट, जनता दल व अन्य लहान पक्षांना सोबत घेतले. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. विचारप्रणालीवर एक असलेले पक्ष पदावरून अडले आणि तत्त्वावरून फुटलेले पक्ष पदांच्या वाटपावर एक झाले, असा हा विलक्षण प्रकार होता.

पुढील निवडणुकीत, २००४ साली, आघाडीतही हाच प्रश्न उद्भवला. राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या होत्या. संख्येने मोठ्या ठरलेल्या राष्ट्रवादीने काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर अधिक मंत्रिपदांच्या बदल्यात मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहू दिले आणि सरकार टिकवले. युतीला त्या वेळी ११६ जागा मिळाल्या होत्या. भाजप व शिवसेना पुन्हा एकत्र सत्तेवर आली ती २०१४ मध्ये, तीही निवडणूक स्वतंत्रपणे लढवून. २०१९ मध्ये दोघांनी एकत्र लढून १६१ जागांचे स्पष्ट बहुमत मिळवले. भाजप १०५ व शिवसेना ५६. या वेळी अपक्षांची गरज नव्हती, तरीही मुख्यमंत्रिपद कोणाकडे या प्रश्नावर युती तुटली आणि शिवसेनेने काँग्रेस व राष्ट्रवादीसह सरकार स्थापन केले.