बुरशीनाशक औषधे : योग्य वापर व घ्यावयाची दक्षता

अहवाल सालात आमच्या औषध विभागाच्या खर्चात बुरशीजन्य त्वचारोगांवरील गोळ्या व मलमांचा वाटा ठळकपणे दिसून येतो. 'साध्या खाजेवर एवढा खर्च कशासाठी?' अशी पृच्छा काही सन्माननीय देणगीदारांनी केली. ती रास्तच आहे. आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने पुढील विवेचन आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजून घेऊन मांडीत आहोत.

नवेगाव बांध व भोवतालचा परिसर हा तलावांचा आणि धानाचा प्रदेश. रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात तासन् तास वाकून काम करणाऱ्या स्त्रिया, तलावावर जाळे टाकणारे ढिवर बांधव, अंगावरच वाळणारे ओले कपडे आणि पावसाळी दमट हवा, हे सारे बुरशीला पोषक असते. जांघेत, काखेत, कमरेवर गोलाकार चट्टे उठतात. त्यांनाच आपण गजकर्ण वा नायटा म्हणतो. लाजेस्तव हा आजार लपविला जातो आणि गावातील दुकानातून एखादे मलम आणले जाते. खरी अडचण तेथूनच सुरू होते.

अशा अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवसांत शमते. बुरशी मात्र मरत नाही, उलट पसरते. त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे पांढुरके पट्टे पडतात. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ साली १४ प्रकारच्या स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम चांगला आहे. परंतु खेड्यापाड्यांत तो कितपत पाळला जातो, हे वाचक जाणतातच. दरम्यान बुरशीचा एक चिवट प्रकार देशभर फोफावला असून २०२० साली त्यास 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव मिळाले. टर्बिनाफिन हे एके काळचे हुकमी औषध या बुरशीवर पुष्कळदा चालत नाही. म्हणूनच उपचार लांबतो आणि खर्च वाढतो.

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही औषधे ते तयार होऊ देत नाहीत. मात्र या गोळ्यांचा निचरा बहुतांशी आपल्या यकृतातून किंवा मूत्रपिंडातून होतो, आणि यकृत ज्या यंत्रणेने इतर औषधे पचविते तिलाही यातील काही औषधे अडथळा करतात. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड गोळी घेणाऱ्या रुग्णाने फ्लुकोनाझोल सुरू केल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम व चक्कर येऊ शकते. कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिनसोबत इट्राकोनाझोल घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा संभवते. हृदय दुर्बल असलेल्यांना इट्राकोनाझोल सहसा देत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण आढळतात. त्यावरील काही औषधे या गोळ्यांसोबत घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून घरात चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे. गर्भवती व स्तनदा मातांनी तर ती बाब प्रथम सांगावी.

गोळी कशी घ्यावी यालाही महत्त्व आहे. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यावी. ॲसिडिटीच्या गोळीसोबत घेतल्यास ती अंगी लागत नाही. ग्रिझिओफुल्विन हे जुने औषध स्निग्ध आहारासोबत घेतात. ते चालू असताना उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होते. टर्बिनाफिनने काहींच्या तोंडाची चव जाते. ती बहुधा औषध थांबविल्यावर काही आठवड्यांनी परत येते. पण गृहिणी 'भाजीला मीठच लागत नाही' म्हणते तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरांना कळवावे. मोहाच्या दारूविषयी निराळे काय सांगावे? यकृतावर दुहेरी ओझे नको.

सर्वांत जपावयाचे ते यकृत. असे दुष्परिणाम विरळा, परंतु गंभीर असतात. भूक मंदावणे, मळमळ, अतिशय थकवा, गडद लघवी, पांढुरकी शौच, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी तत्काळ थांबवून रुग्णालयात यावे. येथे एक अडचण वारंवार येते. कावीळ म्हटली की रुग्णास झाडपाल्याच्या औषधाकडे नेले जाते आणि गोळी मात्र चालूच राहते. आप्तांना आमची कळकळीची विनंती आहे की, प्रथम गोळी थांबवावी.

मळणीच्या हंगामाबाबतही सांगणे आवश्यक वाटते. धानाचे कूस डोळ्यात जाऊन बुबुळावर बुरशीचा व्रण होतो. त्यावर नाटामायसिनसारखे थेंब नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घालावे लागतात. दुकानातील स्टेरॉइडचे थेंब घातल्यास दृष्टी जाण्याची भीती असते.

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळू. खाज थांबली की रुग्ण औषध सोडतो, आणि चट्टा पुन्हा उठतो. त्यामुळे अर्ध्या उपचाराचे पैसे वाया जातात, असे आमचे हिशेबी मत आहे. एकाच घरातील तिघांना खाज असताना एकावरच उपचार करणेही तसेच. यास्तव पूर्ण मुदतीच्या गोळ्या, दीर्घ उपचारात यकृताची रक्ततपासणी आणि घरातील बाधितांचा एकत्रित उपचार हा खर्च कमी करू नये, अशी आमची विश्वस्त मंडळास शिफारस आहे. रुग्णांनी पुढील भेटीस येताना गोळ्यांची रिकामी पाकिटे व दुकानातून आणलेले मलम, संपलेले असले तरी, सोबत आणावे.