शून्य कुठे मांडायचे?

हिवाळ्यात एखाद्या पहाटे अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दव गोठते. गवताच्या पात्यांवर, उभ्या जीपच्या टपावर पांढरा थर बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी छापून येते. याच नंदुरबार जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो. सातपुड्याचा माथा आणि तापीचा काठ एकाच जिल्ह्यात नांदत असल्यामुळे इथली माणसे थंडी-उन्हावर मोठ्या हक्काने बोलतात. तोरणमाळला जानेवारीत पाच अंश होते, आज शहरात चाळीस आहेत, म्हणजे आठपट गरमी झाली, असा हिशेब एसटीच्या थांब्यावर सहज कानी पडतो.

भागाकार बिनचूक आहे. हिशेब मात्र साफ चुकला आहे. तो का चुकला हे कळायला केल्व्हिन नावाच्या मापाकडे जावे लागते.

शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण एका ओळीत आटोपते. सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवले की केल्व्हिन, केल्व्हिनमधून तेवढेच वजा केले की सेल्सिअस. फॅरनहाइटची ती नऊ-पंचमांशाची कटकट इथे नाही. मुले सूत्र पाठ करतात, दोन गुण पदरात पाडून घेतात आणि पुढच्या धड्याला लागतात. हे २७३.१५ आले कुठून, हे विचारायचे राहूनच जाते.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला याचा उलगडा पासबुकातच सापडतो. पासबुकाचे पान भरले की नव्या पानावर पहिली ओळ लिहितात ती मागील शिल्लकेची. सेल्सिअसचे माप म्हणजे ही ओळ न लिहिलेले पान. पाणी गोठते तिथे आपण सोयीसाठी शून्य मांडले आणि त्याआधीचे २७३.१५ मागच्या पानावर ठेवून दिले. अशा अपुऱ्या पानावरून ‘किती वाढले, किती घटले’ हे अचूक सांगता येते. पण कोण कोणाच्या कितीपट श्रीमंत, हे सांगता येत नाही. मागील शिल्लक धरली की पाच अंशांचे होतात २७८.१५ आणि चाळीसचे ३१३.१५. आता भागाकार करून पाहा. आठपट कुठली, जेमतेम आठवा हिस्सा जास्त! उणे दहा अंश म्हणजेही कर्ज नव्हे. मागच्या शिल्लकेतून दहा काढले, एवढाच त्याचा अर्थ. खाते खरोखर रिकामे होते ते उणे २७३.१५ वर, आणि तिथवर प्रत्यक्षात कोणालाच पोहोचता येत नाही.

हे मागचे पान उलटून पाहायला माणसाला शंभरावर वर्षे लागली. स्वीडनच्या उप्सालामध्ये अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली आपले माप मांडले तेव्हा तर पाणी उकळते तिथे शून्य होते आणि गोठते तिथे शंभर! ते उलटवले गेले नंतर. पुढे १८०२ मध्ये फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने वायू तापवून त्यांचे फुगणे मोजले. शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने वायू दर अंशाला फुगतो, हा आजचा आकडा. तोच हिशेब उलटा, थंडीकडे नेला तर उणे २७३ च्या आसपास आकारमानच संपायला हवे. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रव होतो, पण खुणेचा दगड सापडला होता. १८४८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने कोणत्याही एका पदार्थावर अवलंबून नसलेल्या तापमापनाचा विचार मांडला. त्याचे वय तेव्हा अवघे चोवीस. १८९२ मध्ये तो लॉर्ड केल्व्हिन झाला. केल्व्हिन ही त्याच्या विद्यापीठाजवळून वाहणारी नदी. तापी-नर्मदेच्या मुलखातल्या वाचकाला हे आवडावे. १९६७ पासून या मापापुढचा ‘अंश’ हा शब्दही गेला; आता नुसते ‘३०० केल्व्हिन’ म्हणायचे.

आपल्या घरात केल्व्हिन येतो तो एलईडी दिव्याच्या खोक्यावरून. ६५०० केल्व्हिन असे त्यावर छापलेले असते. दिवा काही तेवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा जो रंग असेल, तो या दिव्याचा, एवढेच ते सांगते. या पांढऱ्या-निळसर उजेडाला दुकानदार ‘कूल’ म्हणतो आणि २७०० च्या पिवळट उजेडाला ‘वॉर्म’. आकड्यांच्या नेमके उलट! असो.

आमच्या जिल्ह्यात या हिशेबाला खरे मोल येते ते दोन ठिकाणी. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीचे वीर्य ज्या भांड्यात असते, त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. केल्व्हिनमध्ये ७७. मे महिन्यात बाहेर ४३ अंश, म्हणजे ३१६ केल्व्हिन. फरक २३९, कोणत्याही मापाने काढा. फरकात मागची शिल्लक आपोआप वजा होते. या २३९ च्या ओढीने बाहेरची उष्णता आत शिरू पाहते आणि भांड्याची भिंत निर्वात असूनही नायट्रोजन थोडा थोडा उडत राहतो. तो वेळेवर भरला नाही तर आतल्या कांड्या निकामी होतात आणि शेतकऱ्याचा गाय गाभण राहण्याचा हंगाम हुकतो.

दुसरे ठिकाण म्हणजे धडगावसारख्या डोंगरी भागातले आरोग्य केंद्र. तिथल्या लशींच्या फ्रिजमध्ये तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राखायचे असते. केल्व्हिनमध्ये हेच सुमारे २७५ ते २८१ होईल, पण तसे लिहू नये असे माझे ठाम मत आहे. धनुर्वाताची किंवा काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस उन्हाने बिघडते तशी गोठल्यानेही बिघडते, आणि बर्फ वितळल्यावर कुपी वरवर चांगलीच दिसते. कुपी हलवून साका किती वेगाने बसतो ते पाहावे लागते. बिघडलेली लस टोचली तर बाळ रडते, आई घरी जाते, नोंद होते. संरक्षण मात्र मिळत नाही. इथे धोक्याची रेघ पाणी गोठण्यापाशीच आहे आणि सेल्सिअसचे सोयीचे शून्य नेमके तिथे उभे आहे. आकड्यामागे उणे चिन्ह दिसले की परिचारिकेचा हात थबकतो. २७२ दिसून तो थबकेल याची खात्री कोण देणार? म्हणून फ्रिजजवळच्या वहीत सकाळ-संध्याकाळ सेल्सिअसचाच आकडा लिहितात, सुटीच्या दिवशीसुद्धा. आज रविवार आहे, आणि ती नोंद आजही व्हायची आहे.