शून्य गुणिले ६८०

शेवेचं २०० ग्रॅमचं पाकीट घ्या. समजा, त्यात दर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. दिवसभराच्या मर्यादेपैकी किती सोडियम या शेवेत आहे? १२ टक्के, ४० की ८०?

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. भारतीय लेबलचा हिशेब दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम धरून होतो, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. ३० ग्रॅमची ‘सर्व्हिंग’ धरली तर १२ टक्के, १०० ग्रॅमला ४० आणि अख्ख्या पाकिटाला ८०. शेव तीच, मीठही तेच, बदलला तो फक्त भाजक.

गंमत अशी की आपल्या लेबलवरच्या पोषण-तक्त्यात दोन भाजक एकाच ओळीत नांदू शकतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबल नियमांनुसार घटकाचं प्रमाण सहसा दर १०० ग्रॅमला लिहितात, टक्केवारी मात्र दर सर्व्हिंगला. त्यामुळे ‘८०० मिलिग्रॅम’च्या शेजारी ‘१२ टक्के’ दिसतात. घाईत वाचणारा दोन्हींचा संबंध जोडतो आणि निश्चिंत होतो.

३० ग्रॅम म्हणजे नेमकं किती, ते मी घरच्या काट्यावर मोजून पाहिलं. वाटी काठोकाठ भरलीसुद्धा नाही. पोह्यांवर भुरभुरायला एवढी शेव दोघांना पुरते, क्रिकेटची मॅच बघताना एकालाही नाही.

आता हेच पाकीट अमेरिकेला पाठवू. दिवाळीचा फराळ तिकडच्या दुकानांत विकायचा तर लेबल तिकडच्या नियमाने लागतं. भारतात सक्तीचे घटक १०, तिथे १५; ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह, पोटॅशियम, तंतू हे वाढीव. तिथली सोडियमची मर्यादा २३०० मिलिग्रॅम असल्यामुळे आपले १२ टक्के समुद्र ओलांडताच १० होतात.

तिथे कॅलरीचा आकडा सहसा २२ पॉइंटात छापायचा. लेबलसाठी मिळणारी एकूण जागा ४० चौरस इंच किंवा त्याहून कमी असेल, तर आडवा तक्ता किंवा तोही मावत नसेल तर सलग ओळीत मजकूर चालतो. १२ चौरस इंचांच्या आत जागा असेल आणि पाकिटावर पोषणाचा कोणताही दावा नसेल, तर पत्ता किंवा फोन नंबर देऊन तक्त्यातून सुटता येतं.

खरी करामत वजनात आहे. अशा खाऊची अमेरिकेतली प्रमाण सर्व्हिंग ३० ग्रॅम. पाकीट ६० ग्रॅमच्या आतलं असेल तर ते अख्खं ‘एक सर्व्हिंग’ मानायचं. ६० ते ९० ग्रॅमचं असेल तर एका सर्व्हिंगचा आणि पूर्ण पाकिटाचा असे दोन रकाने द्यायचे. ९० च्या पुढे मात्र पुन्हा एका सर्व्हिंगचा रकाना पुरतो. म्हणजे ७५ ग्रॅमचं पाकीट आपला पूर्ण हिशेब सांगतं आणि २०० ग्रॅमचं वाचणाऱ्याला गुणाकार करायला लावतं.

या गुणाकारात शून्यही दगा देतं. अमेरिकी नियमानुसार सर्व्हिंगमध्ये ५ पेक्षा कमी कॅलरी असतील किंवा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी चरबी वा साखर असेल, तर आकडा शून्य लिहिता येतो. टिक टॅकची एक गोळी, म्हणजेच एक सर्व्हिंग, ०.४९ ग्रॅमची. तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त साखर, तरी अमेरिकी लेबलवर साखर शून्य! १०० गोळ्या खाल्ल्या तर साखर ४४ ग्रॅमच्या पुढे जाते. भारतीय लेबल दिवसभरासाठी वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरतं. युरोपात दर १०० ग्रॅमचा आकडा सक्तीचा असल्याने तिथे याच गोळीच्या साखरेपुढे नव्वदीतला आकडा येतो.

तव्यावर मारायच्या तेलाच्या अमेरिकी स्प्रेने तर कळसच गाठला. त्याची सर्व्हिंग पाव सेकंदाच्या फवाऱ्याची, वजन पाव ग्रॅम. निव्वळ तेल धरलं तरी कॅलरी सव्वादोनच, म्हणून शून्य; चरबीही शून्य. १७० ग्रॅमच्या डब्यात अशा ६८० सर्व्हिंग बसतात. लेबलच्या गणिताने ६८० शून्यांची बेरीज शून्यच, तेलाच्या गणिताने मात्र १५३०.

चिलीने २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. काळे अष्टकोनी शिक्के पाकिटाच्या तोंडावर आणले आणि सर्व्हिंगचा प्रश्नच मोडीत काढला. २०१९ पासून तिथे घन पदार्थात दर १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल तर शिक्का बसतो. आपली ८०० वाली शेव तिथे गेली तर पाकीट ५० ग्रॅमचं असो की २०० चं, कपाळावर शिक्का ठरलेला.

आपल्याकडे तो शिक्का नाही, तोवर पाकीट हातात घेतलं की आधी सर्व्हिंगचं वजन शोधायचं आणि मग वाटीकडे बघायचं. काट्यावरची माझी ती वाटी तोपर्यंत रिकामी झाली होती. मी पुन्हा भरली: २४ टक्के.